तासाभरात इअरमफ कानावरून उतरतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

रबाळ्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेस शॉपमध्ये मी सेफ्टी स्टोअर सांभाळतो. बारा वर्षांत माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा परत आलेली वस्तू म्हणजे इअरमफ, मशीनच्या आवाजापासून वाचायला कानांवर घालतात तो. हातमोजा फाटला, गॉगलला ओरखडे आले की नवा द्यायचा, विषय संपला. इअरमफ मात्र दिसायला धडधाकट असतो आणि तरी माणूस तो घालत नाही. शेजारच्या गाळ्यांतले लोकही आता त्यांचे इअरमफ दाखवायला आणतात, आणि दोन वर्षांपासून घणसोलीच्या एका मोल्डिंगवाल्याबरोबर मी गादीचे नवे नमुने करून बघतोय. इथे लिहितोय ते त्या सगळ्या दुरुस्त्यांतून हाती आलेलं.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. कानावर बसणारा प्लास्टिकचा भाग म्हणजे वाटी, तिच्या काठावरची मऊ कड म्हणजे गादी, डोक्यावरून जाते ती पट्टी, आणि वाटीच्या आतला तो स्पंज.

लक्षणं

तक्रार क्वचितच सरळ येते. "दादा, हे नको, दुसरं द्या" एवढंच कानावर येतं. म्हणून मी फ्लोअरवर फिरून बघतो. खालीलपैकी एक जरी दिसलं तरी तुमची समस्या हीच आहे:

- एक वाटी कानावर, दुसरी वर कपाळाच्या बाजूला सरकवलेली.
- इअरमफ गळ्यात, माणूस ग्राइंडरवर.
- कानामागे किंवा जबड्याच्या वर लाल वळ, शिफ्ट संपल्यावर अर्धा तास तरी न जाणारा.
- डोक्याच्या मध्यावर दुखणं, जेवणाच्या सुट्टीत तिथे हात चोळत बसणं.
- कानाच्या पाळीचं वरचं टोक दुखणं. ही तक्रार वेगळी ओळखा, तिचं कारणही वेगळं असतं.
- घामाने आत चिकचिक, खाज, जूनपासून पुढे पुरळ.
- "घातला काय, न घातला काय, आवाज तेवढाच येतो."
- पट्टीला चिंधी, गादीला टिश्यू, सेलोटेप. माणसाने स्वतःच इलाज शोधल्याची खूण. त्याला रागावू नका. दुखतंय कुठे ते त्या चिंधीच्या जागेवरून कळतं.

आरामाचा एवढा विचार कशासाठी, असं मला एका मॅनेजर साहेबांनी विचारलं होतं. त्यांना मी एक हिशोब दाखवला होता. समजा इअरमफ ३० डेसिबल आवाज कमी करतो. आठ तासांच्या शिफ्टमध्ये माणसाने तो मिळून फक्त पाच मिनिटं काढला, तर दिवसाअखेर त्याचं संरक्षण २० डेसिबलच्या आसपास उतरतं. अर्धा तास काढला तर १२. चार तास काढला तर उरतात जेमतेम ३. डेसिबलचं माप असंच चालतं: दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे उघड्या कानावरची पाच मिनिटं झाकलेल्या तासांना गिळून टाकतात. आमच्या दीडशे टनाच्या प्रेसजवळ आवाजाचा मीटर ९८ डेसिबल दाखवतो. अमेरिकेच्या नायोश या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन असं करत गेलं की ९८ ला उघड्या कानाने सुमारे चोवीस मिनिटंच उरतात. म्हणून माझ्या लेखी दुखणारा इअरमफ हा बिघडलेला इअरमफ, भले त्याला एक तडा नसू दे.

पहिली तपासणी: दाबून बघा, गुणगुणून बघा

पैसे शून्य, वेळ अर्धा मिनिट. आवाज चालू असलेल्या जागी माणसाला इअरमफ घालून उभं करा आणि त्याला दोन्ही वाट्या तळहातांनी डोक्याकडे हलकेच दाबायला सांगा. दाबल्यावर आवाज एकदम पडला, तर गादी आपणहून नीट बसत नाहीये. फारसा फरक पडला नाही तर बसतेय.

मग शांत जागी त्याच माणसाला तोंड मिटून "हं" असा सूर धरायला सांगा. दोन्ही वाट्या घट्ट बसलेल्या असतील तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा. एका बाजूला घुमला आणि दुसऱ्या बाजूला पातळ आला, की फट कुठल्या बाजूला आहे ते समजलं.

ही तपासणी आधी करायची कारण तक्रारी दोन जातींच्या असतात: "दुखतं" आणि "आवाज येतो". दोन्ही एकत्र आल्या, तर गादी कडक झाल्याची शक्यता सगळ्यात मोठी. नुसतं दुखतं आणि फट नाही, तर पट्टी किंवा वाटीचा आकार. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर बहुतेक वेळा काहीतरी मध्ये अडकलंय.

मध्ये काय अडकलंय

चष्म्याची काडी, केस, कुडीची फिरकी, टोपीची कड, मास्कची दोरी, ओढणी. गादी आणि कातडी यांच्या मध्ये यातलं काहीही आलं की फट पडते, आणि फटीतून जड, घुमणारा आवाज आधी शिरतो. पातळ कर्कश आवाज थोडाफार अडतो, म्हणून माणसाला वाटतं "चाललंय". प्रेसचा धप्पा आणि कॉम्प्रेसरची घरघर मात्र आत येतच राहते.

आमच्याकडे एक काका आहेत, प्रेसवर तीस वर्षं काढलेले. त्यांची उजवी वाटी कायम वर. मी त्यांचा इअरमफ काढून घेतला आणि गादी ऑफिसच्या खिडकीच्या काचेवर दाबली. पलीकडून बघितलं तर गादीचा काळा पट्टा काचेला सगळीकडे टेकला होता, फक्त मागच्या बाजूला एक आडवी रेघ कोरडी, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. चष्म्याच्या काडीने गादीत पाडलेली घळ होती ती. कॅलिपर लावला, काडी ५ मिलिमीटर जाड, प्लास्टिकची. तीच काडी गादीने दाबून कानामागच्या हाडावर रुतत होती, म्हणून दुखत होतं, आणि तिच्याच बाजूने आवाज येत होता. काकांनी ठाण्यात स्टेशनबाहेर फ्रेम बदलून घेतली, दीड मिलिमीटरची धातूची सरळ काडी. मी गादी बदलून दिली. त्या दिवसापासून वाटी जागेवर आहे. इअरमफ तोच.

काचेवर दाबून बघण्याची ही युक्ती जरूर वापरा. गादीचा खड्डा, सुरकुती, चीर हाताला लागत नाही, पण काचेतून लगेच दिसते.

पॅकिंगला ताई आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: कुडीची फिरकी मागून टोचते, कामाच्या वेळी कुडी काढून ठेवायला खण द्या. अंबाडा मानेवर खाली बांधला तर पट्टी डोक्यावर नीट बसते. ओढणी वाटीवरून घ्यायची, वाटीखालून नको. पगडी घालणाऱ्या माणसाला डोक्यावरची पट्टी देऊच नका, मानेमागून जाणारी पट्टी असलेला इअरमफ मिळतो. हेल्मेट घालणाऱ्याला हेल्मेटच्या खाचेत बसणाऱ्या वाट्या द्या. डोक्यावर पट्टी आणि तिच्यावर हेल्मेट चढवलं की दोन्हींची बसण बिघडते.

पट्टीची उंची आणि वाटीची बाजू

नव्या माणसाला इअरमफ हातात देऊन सोडून देतात. तो पट्टी पूर्ण आत ढकललेली तशीच घालतो, वाट्या कानाच्या वरच्या अर्ध्यावर बसतात आणि पाळीचं टोक गादीखाली चिरडतं. दहा मिनिटांत दुखायला लागतं.

पट्टी पूर्ण बाहेर ओढा, वाट्या कानावर ठेवा, अंगठ्यांनी त्या जागच्या जागी धरा आणि बोटांनी पट्टी खाली सरकवत डोक्याला टेकवा. दोन्ही बाजूंच्या खाचा मोजा, सारख्या असायला हव्यात. काही वाट्यांवर वरची बाजू दाखवणारी खूण असते. तिथे गादीची जाडी खाली जास्त ठेवलेली असते, कारण कानाच्या पाळीखाली, जबडा आणि मानेच्या मधे खळगा असतो. उलटी घातली की नेमकी तिथेच फट राहते.

धुणं

कोमट पाणी, अंगाचा साबण, मऊ फडकं. वाटी पाण्यात बुडवू नका. स्पंज बाहेर काढता येतो तिथे काढून, गादी पुसून, सावलीत वाळवा. थिनर, पेट्रोल, मशीनवर वापरतात ते क्लीनर यांना हात लावू द्यायचा नाही. वाटीच्या एबीएस प्लास्टिकला थिनरने बारीक केसासारखे तडे जातात आणि गादीचं रेक्झिन आणखी कडक होतं.

नवी मुंबईच्या हवेत याला महत्त्व आहे. खाडीचा दमटपणा, मे महिन्यातला घाम, त्यात डोक्याला लावलेलं खोबरेल. जून ते सप्टेंबर तर गादी वाळतच नाही. एकाच जोडीवर तिन्ही शिफ्ट चालवणाऱ्या वर्कशॉपमधून माझ्याकडे आलेल्या गाद्यांवर बुरशीचे ठिपके होते. इअरमफ ज्याचा त्याचा हवा. आम्ही पट्टीच्या आतल्या बाजूला रंगाच्या पेनाने टोकन नंबर टाकतो.

घाम टिपायला सुती कव्हरं मिळतात. पुरळ आलेल्या माणसाला मी ती देतो, पण सांगून देतो की आवाज थोडा जास्त येईल, कारण कापडातून हवा जाते. १०० डेसिबलच्या जागी ती वापरायची नाहीत.

गादी: दहातल्या सहा तक्रारी इथेच सुटतात

हे सहा माझ्या टेबलावरचे, कुठल्या पाहणीतले नव्हेत.

गादीत मऊ फोम असतो, वर पातळ पीव्हीसी किंवा पीयूचं आवरण. पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य घाम आणि केसांच्या तेलाबरोबर हळूहळू निघून जातं. आवरण कडक होतं, मग सुरकुततं, मग आतल्या काठाला चिरतं. बोटाने दाबून सोडा. नवी गादी दबते आणि सावकाश वर येते. कडक झालेली एक तर दबत नाही, नाहीतर दबून तशीच राहते.

आता दुखतं का ते बघा. मध्यम इअरमफची पट्टी साधारण १२ न्यूटन जोराने दाबते, म्हणजे सव्वा किलो वजन टेकल्यासारखं. तो जोर गादीच्या ३० चौरस सेंटिमीटरवर सारखा पसरला तर दाब ४००० पास्कल. युरोपच्या ईएन ३५२-१ या मानकात गादीच्या दाबाची कमाल मर्यादा ४५०० आहे आणि पट्टीच्या जोराची १४ न्यूटन. म्हणजे नवा इअरमफ मर्यादेत आहे. पण गादी कडक झाली आणि ३० ऐवजी फक्त १० चौरस सेंटिमीटर टेकू लागली, तर त्याच पट्टीने दाब तिप्पट होतो, १२,००० पास्कल. उरलेल्या जागी फट पडते ती वेगळीच. एकाच वेळी दुखतं आणि आवाजही येतो, ते असं.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. दुखतंय म्हणून पट्टी गुडघ्यावर ताणून सैल करतो. दुखणं थोडं कमी होतं, फट दुप्पट होते, आणि पट्टी परत पूर्वीसारखी होत नाही. जोर बरोबर होता, गादी गेली होती. दुखत असेल तर आधी गादी बदला, पट्टीला शेवटी हात लावा.

गादी आणि स्पंजचा बदली संच बहुतेक चांगल्या मॉडेलना मिळतो, नव्या इअरमफच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात. बनवणारे साधारण सहा महिन्यांनी बदलायला सांगतात. मी आमच्याकडे वर्षातून तीनदा बदलतो: पावसाळ्याआधी, दसऱ्याला यंत्रांची पूजा होते त्या सुमारास, आणि होळीनंतर. खरेदी करतानाच बदली संच मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर तो इअरमफ घेऊच नका, कितीही स्वस्त असला तरी.

दुसऱ्या मॉडेलची गादी फेविक्विकने चिकटवायची नाही. माझ्याकडे एक नग आला होता, गादी नवीकोरी आणि तरी दगडासारखी. भिंगाखाली बघितलं तेव्हा कळलं. गादीच्या आवरणाला वाटीच्या आतल्या बाजूने टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. डोक्यावर दाबली की आतली हवा तिथून निघते आणि गादी चेहऱ्याच्या उंचसखलपणावर बसते. चिकटवणाऱ्याने ती सगळी भोकं डिंकाने बुजवली होती. गादी फुगा झाली होती, जबडा हलला की अख्खी वाटी डुलायची.

आतला स्पंज

तो गळून पडलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. काही जण "गरम होतं" म्हणून काढूनच टाकतात. रिकाम्या वाटीत आवाज घुमतो, विशेषतः वरच्या सुरातला, ग्राइंडरच्या किंकाळीसारखा. स्पंज तो घुमणं मारतो. नसेल तर बसवा, तेलाने कुजला असेल तर बदला, जागा मोकळी राहावी म्हणून दाबून चपटा करू नका.

कान गरम होतो म्हणून वाटीला भोक पाडलेलंही मी पाहिलंय, तीन मिलिमीटरच्या ड्रिलने. ती वाटी मी त्याच्यासमोर मोडून कचऱ्यात टाकली. एवढ्याशा भोकातून जड आवाज सरळ आत येतो. घामावर उपाय हवा तर शांत खोलीत दर दोन तासांनी पाच मिनिटं इअरमफ काढायची सवय लावा. जागा शांत हवी, प्रेसच्या बाजूचं पाण्याचं पिंप ही जागा नव्हे.

पट्टीचा जोर मोजणं

सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा लागतो. ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारात मी घेतला होता. एक वाटी फळीवर पक्की बांधा, दुसरीला दोरीचा फास घालून काटा अडकवा आणि दोन्ही गाद्यांमधलं अंतर १४५ मिलिमीटर होईपर्यंत ओढा. मानक चाचणीत डोक्याची रुंदी हीच धरतात. काट्यावरचा आकडा बघा. १४ न्यूटन म्हणजे १.४ किलो. त्याच्या वर गेला तर पट्टी त्या डोक्याला जड. आमचे नवे नग १ ते १.२ किलोत असतात. ८०० ग्रॅमच्या खाली उतरला की मी पट्टी बाद करतो.

पट्टी मरते ती वापराने कमी, टांगण्याने जास्त. मशीनच्या जाड पाइपवर, खांबावर ताणून अडकवून ठेवतात. रात्रभर, रविवारभर. प्लास्टिकची पट्टी महिन्याभरात सैल पडते. एक पातळ खिळा आणि एक कप्पा पुरतो. पट्टी न ताणता ठेवायची, बस.

डोक्याच्या मध्यावर दुखत असेल तर जोराचा संबंध नसतो, वजनाचा असतो. पट्टी अरुंद आणि कडक असली की वाट्यांचं सगळं वजन बोटभर जागेवर येतं. रुंद, मऊ अस्तराची पट्टी द्या. माणसाने गुंडाळलेली चिंधी चुकीची नव्हती, फक्त तिच्यामुळे पट्टी वर उचलली जाऊन वाट्या सरकतात, म्हणून उंची पुन्हा लावून द्या.

वाटीचा आकार, खोली आणि सांधा

इथून पुढे काम कठीण आहे, कारण दुरुस्ती होत नाही, मॉडेल बदलावं लागतं.

पाळीचं टोक दुखण्याची तक्रार उंची लावूनही राहिली तर माणसाचा कान मोजा, वरपासून खालपर्यंत, साध्या मोजपट्टीने. गादीच्या आतल्या तोंडाची लांबी त्याहून निदान ७-८ मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे दोन्हीकडे थोडी मोकळी जागा राहते. मग खोली. कान डोक्यापासून जास्त बाहेर आलेला असेल तर तो आतल्या स्पंजला टेकतो, आणि सतत टेकलेला कान तासाभरात ठणकतो. ओळखायला सोपं आहे: स्पंजवर टाल्कम पावडर भुरभुरा, दहा मिनिटं घालायला लावा, काढल्यावर पाळीवर पांढरा डाग दिसला की वाटी उथळ. वयाबरोबर कान लांबतो, आमच्या जुन्या लोकांना म्हणूनच मोठ्या तोंडाची वाटी लागते. एकाच मापाचे पन्नास नग मागवण्याची सवय सोडायला हवी. मी तीन मॉडेलचे चार-चार नमुने मागवतो, माणसांना आठवडाभर वापरायला देतो आणि ज्याने जे निवडलं ते त्याच्या नावावर करतो. आपण निवडलेली वस्तू माणूस काढून ठेवत नाही.

सांधा म्हणजे वाटी पट्टीला जिथे जोडलेली असते तो भाग. डोकं सरळ भिंतीसारखं नसतं, कानाच्या वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, पुढूनही तिरकं. वाटी दोन्ही दिशांना डुलली पाहिजे. सांध्यात पत्र्याचा भुगा आणि तेल बसून तो जाम होतो, मग वरची कड रुतते आणि खालची उचलली जाते. जुन्या टूथब्रशने साफ करा. मूळ रचनाच एका दिशेला डुलणारी असेल तर साफ करून काही होणार नाही.

आमच्या नमुन्यांत सगळ्यात जास्त फरक याच दोन गोष्टींनी पडला. सांधा वाटीच्या बरोबर मध्यावर आणला आणि गादी १० ऐवजी १५ मिलिमीटर जाड, सावकाश उठणाऱ्या फोमची केली. त्या फोमची एक खोड आहे: थंडीत तो कडक असतो आणि अंगाच्या उबेने मऊ होतो. एसी खोलीत चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांनी नाक मुरडलं, फ्लोअरवर पाच मिनिटांनी तेच लोक "हा ठेवा" म्हणाले. गादी जाड केली की पट्टी जास्त उघडते आणि जोरही वाढतो, म्हणून पट्टी पुन्हा मोजून घ्यावी लागली. एक बदल केला की काटा पुन्हा लावायचा, हा नियम मी चार नमुने वाया घालवून शिकलो.

जास्त बंद केलेला कान

काही जण इअरमफ काढतात ते दुखतं म्हणून नव्हे, फोर्कलिफ्टचा हॉर्न आणि साथीदाराची हाक ऐकू येत नाही म्हणून. ती भीती खरी आहे. खरेदी करणारा पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा निवडतो. गरज किती ते मोजा. पाकिटावर एनआरआर (इअरमफ किती डेसिबल आवाज कमी करतो तो आकडा) २४ असेल तर नायोशच्या सल्ल्याप्रमाणे इअरमफसाठी पंचवीस टक्के वजा, राहिले १८. मीटरवर डीबीए (माणसाच्या कानाला ऐकू येतं त्या हिशोबाने लावलेले डेसिबल) मोजलं असेल तर आणखी ७ वजा, राहिले ११. जागेवर ९२ असेल तर कानाशी ८१, पुरेसं आहे. १०० असेल तर कानाशी ८९, पुरत नाही. कानाशी ७५ ते ८० मिळालं की माणसाला काम आणि इशारा दोन्ही ऐकू येतं. ७० च्या खाली गेलं की एकटं पडल्यासारखं वाटतं आणि हात वाटीकडे जातो.

१०० च्या वर असलेल्या जागी कानाच्या भोकात प्लग आणि वर इअरमफ असं दुहेरी वापरावं लागतं. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिळवू नका. मोठ्या आकड्यावर ५ डेसिबल एवढीच भर धरतात.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर इअरमफशी खटपट बंद करा.

शिफ्टनंतर कानात शिट्टी वाजते, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, घरचे "काय? काय?" ऐकून कंटाळलेत: माणसाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे आणि ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीला पाठवा. आवाजाने होणारं नुकसान आधी वरच्या सुरांत, ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं, तेव्हा साध्या बोलण्यात काही जाणवत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. चाचणीच्या आधी निदान १४ तास आवाजापासून लांब ठेवा. शिफ्टमधून थेट नेलं तर तात्पुरता बधिरपणा धरून आकडा चुकतो. सोमवारी सकाळी, कामावर येण्याआधी पाठवणं सोयीचं.

एका कानाला अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. तेल घालू नका, दोन दिवस वाट बघू नका. कानातून पाणी किंवा पू येत असेल, आत दुखत असेल, तर बरं होईपर्यंत इअरमफ नको, प्लग तर नकोच. माणसाला शांत खात्यात हलवा.

वाटीला तडा, पट्टीला चीर, बदली गादी मिळत नाही: फेकून द्या. स्वतः गादी, वाटी किंवा पट्टीत बदल केला असेल तर पाकिटावरचा आकडा त्या नगाला लागू राहत नाही. आमचे नमुनेही आम्ही ८५ च्या आतल्या जागीच वापरून बघतो. आवाजात द्यायचे असतील तर आधी आयएस ९१६७ या भारतीय मानकाप्रमाणे किंवा ईएन ३५२ प्रमाणे प्रयोगशाळेत चाचणी लागते, आणि ती आपल्या टेबलावर होत नाही.

मोबाइलच्या ॲपवर जागेचा अंदाज घ्या, त्यावर निर्णय घेऊ नका. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ च्या वर असणार, एवढं ॲपशिवायही कळतं. मग कॅलिब्रेट केलेला मीटर आणि तो चालवणारा जाणकार बोलवा. त्याला प्रत्येक मशीनजवळ, माणसाच्या कानाच्या उंचीवर, पूर्ण शिफ्टचं मोजमाप मागा. आकडा १०५ च्या पलीकडे निघाला तर इअरमफवर भागवू नका, मशीनला आवरण, रबरी पाया, एअर नोझलला सायलेन्सर हे काम इंजिनिअरचं आहे.

कुणाला बहिरेपणाचं निदान झालं तर ते फाइलमध्ये दाबून ठेवू नका. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्याने कळवण्याजोग्या आजारांत आहे; १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो होता. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाताना ऑडिओमेट्रीचे सगळे जुने कागद, आवाजाच्या मोजणीचा अहवाल आणि इअरमफ वाटपाची वही सोबत ठेवा. आमच्या वहीत टोकन नंबर, मॉडेल, गादी बदलल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात माणसाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहिलेली असते.